रक्ताचं वय

रात्री दोन वाजता फोन ओरडतो: चौपन्न.
बाकीझिओ डाव्या कुशीवर झोपलेला,
दंडावरचं पांढरं बटण पुरतं अंगाखाली.
मी दिवा लावत नाही. चाचपडत बोट शोधते,
करंगळीच्या शेजारचं,
कारण बाकीची बुचाच्या झाडांनी आधीच सोलून ठेवलीत.
टोचते. एक थेंब. पाच सेकंद.
एकशे बारा.
"वळ," म्हणते, "हातावर झोपलायस."
तो झोपेतच वळतो, कुरकुरत.
पंधरा मिनिटांनी फोनचाही जीव भांड्यात पडतो.

ते बटण खोटं बोलत नाही, एवढं मला कळलंय.
ते रक्ताला विचारतच नाही मुळी.
कातडीखालच्या ओलीला विचारतं,
आणि ओलीला बातमी उशिरा पोचते,
डोंगरावरच्या मेंढपाळाला गावातल्या मयताची पोचते तशी.
घंटा वाजून गेल्यावर तो टोपी काढतो.

पण मे महिन्यात नुओरोच्या दवाखान्यात
गोष्ट पंधरा मिनिटांची नव्हती.
डॉक्टर फोइसबाईंसमोर दोन कागद.
एक बटणाचा, नव्वद दिवसांच्या सरासरीवरून बांधलेला अंदाज:
सात पूर्णांक चार.
दुसरा प्रयोगशाळेचा, नळी भरून नेलेल्या रक्ताचा:
पाच पूर्णांक नऊ.
आधीचे डॉक्टर सहा वर्षं या दुसऱ्या कागदाकडे बघून
शाब्बास म्हणायचे,
आणि आम्ही घरी येऊन बाटली उघडायचो.
यंदा डोळ्यांच्या पडद्यावर दोन लाल ठिपके निघाले.

"दोन्ही खरे असू शकत नाहीत," बाई म्हणाल्या.
"यंत्र चुकतंय," बाकीझिओ म्हणाला. "रक्त तर माझंच आहे."
बाई थोडा वेळ गप्प.
मग विचारलं, "फावाच्या शेंगा खाता?"

तो हसला. मला हसू आलं नाही.
कार्निव्हलला सगळं गाव फावा आणि डुकराची चरबी ओरपतं,
हा दारात उभा राहून कोरडी कारासाऊ चघळतो.
लहानपणी शेत फुलावर आलं की त्याची आई
त्याला कबरस्तानाच्या वाटेनं शाळेत न्यायची.
एकदाच, सातव्या वर्षी, कुणाच्या तरी लग्नात,
मूठभर खाल्ल्या होत्या:
डोळे पिवळे, लघवी कॉफीसारखी, तीन रात्री इस्पितळात.
हे सगळं मीच सांगितलं.
तो खिडकीबाहेर बघत होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, साखर तांबड्या पेशीला चिकटते,
पेशी जगेल तितके दिवस चिकटत राहते.
चार महिन्यांची उधारी त्या वहीत मांडलेली असते.
तुमच्या वह्या लवकर फाटतात.
दुकानदार दर वेळी कोरं पान दाखवतो
आणि आपण म्हणतो, वा, देणं काहीच नाही.

तर सहा वर्षं आम्ही ज्याच्या नावानं पेले उचलले
ते रक्त तरुण होतं, इतकंच.
म्हणे जुन्या काळी खालच्या दलदलीतल्या तापाला
चकवायला शिकलेलं हे रक्त.
ताप गेला. चकवायची सवय राहिली.

परतताना त्यानं गाडी बुचाच्या रानापाशी थांबवली.
सोललेल्या खोडांवर साल काढल्या वर्षाचा
शेवटचा आकडा रंगवलेला असतो,
पुढची नऊ वर्षं तिथं कुऱ्हाड लावायची नाही.
एका चारवर त्यानं तळहात ठेवला.
हा चार त्यानंच काढला होता, जरा तिरका.
"याला कुणी दुसरा कागद मागत नाही," म्हणाला.
मी म्हटलं, "चल, भूक लागलीय."

आता नळीचा कागद फाइलच्या तळाशी असतो.
पण बोटाचा थेंब मी सोडलेला नाही.
तो आत्ताचा असतो,
त्याला म्हातारं व्हायची गरज पडत नाही.

काल पहाटे फोन वाजला: दोनशे तीन.
मी चाचपडायच्या आत त्यानं स्वतःच बोट पुढे केलं,
डोळे मिटलेलेच.
एकशे अठ्ठ्याण्णव.
आमच्या घरात याला एकमत म्हणतात.